सात दिवसांची मुदत : घरातल्या औषधाच्या डब्याचा इतिहास



स्मरणिकेसाठी यंदा काय लिहिणार, असं समितीच्या पोरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, औषधाच्या डब्यावर लिहितो. दोघं-तिघं हसले. महाड, नाशिक, नागपूर यांवर दरवर्षी लेख येतात, ते आलेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरात फळीवर नाहीतर कपाटावर एक डबा असतो. बिस्किटाचा पत्र्याचा, नाहीतर श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा. त्यात तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, नाव पुसलेली खोकल्याची बाटली, मागच्या वर्षीच्या डोळ्याच्या थेंबांची कुपी, बामची डबी, सुई-दोरा, चिकटपट्टी आणि कुणाची ते कुणालाच न आठवणारी दोन-चार लाल-पिवळी कॅप्सूलं. या डब्यालाही इतिहास आहे. तो अडीच हजार वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात तथागतांच्या भिक्खूसंघात सापडते.

विनयपिटकातल्या महावग्गात ‘भेसज्जक्खंधक’ नावाचं एक अख्खं प्रकरण आहे. भेसज्ज म्हणजे भैषज्य, औषध. श्रावस्तीला शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले. खाल्लेलं पोटात ठरेना, अंगं वाळली, रंग पिवळे पडले. तेव्हा बुद्धांनी विचार केला की जे औषधही आहे आणि लोक खातातही, असं काय आहे? त्यांनी पाच वस्तूंची परवानगी दिली. तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित. हे फाणित म्हणजे उसाची काकवी. गुऱ्हाळाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्या माणसाला काकवी काय असते हे सांगायला नको. याच प्रकरणात पुढे असंही आहे की आजाऱ्याला गूळ चालेल आणि धडधाकटानं गुळाचं पाणी प्यावं.

पुढची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. पिलिंदवच्छ नावाचे एक स्थविर राजगृहात होते. त्यांच्यावर लोकांची मोठी श्रद्धा होती, म्हणून लोक ही पाचही औषधं त्यांना आणून देत. ते स्वतः ठेवून घेत नसत, शिष्यांना वाटून टाकत. पण शिष्यांनी साठा करायला सुरुवात केली. मडकी भरली, घागरी भरल्या, पिशव्या भरून खिडक्यांना टांगल्या. तूप-तेल पाझरायला लागलं, विहारात उंदीर माजले. विहार बघायला आलेल्या लोकांनी नावं ठेवली, की हे श्रमण आहेत की बिंबिसार राजाचं कोठार सांभाळणारे? गोष्ट बुद्धांपर्यंत गेली आणि नियम झाला. ही पाच औषधं जास्तीत जास्त सात दिवस जवळ ठेवावीत, त्यापुढं ठेवली तर तो दोष.

आता मुळं, काढ्याच्या साली, पानं, फळं, मीठ या वस्तूंचं काय? त्यांना वेगळा नियम. त्या वाळलेल्या असतात, नासत नाहीत. म्हणून त्या आयुष्यभर ठेवायला हरकत नाही, फक्त वापरायच्या त्या कारण असेल तेव्हाच. म्हणजे नासणाऱ्या औषधाला मुदत, टिकणाऱ्या औषधाला मोकळीक, आणि दोन्हीला कारणाची अट. आज औषधाच्या पट्टीवर मुदतीची तारीख छापलेली असते. ती बघायची सवय आपल्याला नाही. नियम मात्र आपल्या पिटकात आहे.

मुळांची जी यादी तिथं दिली आहे ती वाचून मी चकित झालो. हळद, आलं, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. हे वाचताना आपल्या आज्यांची बाळगुटी आठवल्याशिवाय राहत नाही. हळकुंड, वेखंड, अतिविष, हिरडा, बेहडा, सुंठ यांची पुरचुंडी प्रत्येक घरी असे आणि सहाणेवर एकेक वेढा उगाळून बाळाला चाटवत. वेढे मोजून द्यायचे, कुठल्या जिनसाचे किती हे आजीला तोंडपाठ. भिक्खूंना मुळं वाटायला पाटा आणि वरवंटाही चालेल, असं त्याच प्रकरणात लिहिलेलं आहे. (आज डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. ते ऐकावं. इतिहासाचा अभिमान म्हणून बाळाच्या पोटाशी खेळ नको.)

औषध ठेवायचं कशात, यावरही तिथं बारकाईनं लिहिलं आहे. डोळ्यांचं अंजन सुरुवातीला नुसतंच उघडं ठेवत, त्यात गवत-धूळ पडे. म्हणून डबी आली. काहींनी सोन्या-चांदीच्या डब्या वापरल्या, लोकांनी नावं ठेवली, मग त्या बंद. हाड, शिंग, बोरू, बांबू, लाकूड, शंख यांच्या चालतील. डबी उघडी राहू लागली म्हणून झाकण. झाकण पडू लागलं म्हणून ते दोऱ्यानं डबीला बांधायचं. डोळ्यात बोट घालू नये म्हणून काडी, काडी हरवू नये म्हणून तिला नळी, आणि हे सगळं प्रवासात नेण्यासाठी खांद्याला अडकवायची पिशवी. एकेक अडचण आली तसा एकेक नियम झाला. आमच्या गिरणीत यंत्राची जाळी अशीच बसते. कुणाचं तरी बोट गेल्यावर.

भिक्खू हा चालणारा माणूस. पावसाळ्याचे तीन महिने सोडले तर तो वाटेवरच. त्याच्या जवळच्या आठ वस्तूंना ‘अट्ठ परिक्खार’ म्हणतात. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं गाळणं. यातल्या गाळण्याची एक कथा चुल्लवग्गात आहे. कोसल देशात दोन भिक्खू वाटेनं चालले होते. एकाची वागणूक बरी नव्हती, दुसऱ्यानं त्याला टोकलं. त्यानं तो राग मनात धरला. पुढं टोकणाऱ्याला तहान लागली, त्यानं गाळणं मागितलं, आणि रागावलेल्यानं ते दिलं नाही. तो भिक्खू तहानेनं मेला. तेव्हा नियम झाला की वाटेत सोबत्यानं गाळणं मागितलं तर दिलंच पाहिजे, आणि गाळण्याशिवाय प्रवासाला निघू नये. गाळणं नसेल तर निदान चीवराचा कोपरा वापरावा.

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकानं हीच गोष्ट राज्याच्या पातळीवर नेली. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं, जिथं नाहीत तिथं औषधी वनस्पती आणून लावल्याचं, वाटेवर विहिरी खणल्याचं आणि झाडं लावल्याचं कोरलेलं आहे. आपल्याकडच्या कऱ्हाडच्या आगाशिव डोंगरात किंवा जोतिबाजवळच्या पोहाळ्याला जाऊन लेणी पाहावीत. भिक्खूंच्या खोल्या पाहताना पाण्याची टाकी कुठं आहेत तेही शोधावं. सह्याद्रीतल्या लेण्यांच्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ हा शब्द आहे आणि पोढी दान दिल्याची नोंद कोरून ठेवलेली आहे. पाणी देणं ही कोरून ठेवण्याजोगी गोष्ट होती.

मधली हजार-दीड हजार वर्षं मी इथं ओलांडतो. त्यातलं एकच सांगतो, कारण ते आपल्या गावातलं आहे. मोगलांना धडकी भरवणारे सेनापती धनाजी जाधव १७०८ साली इथं वडगावातच वारले, ते पायाच्या दुखण्यानं. त्यांची समाधी आपल्या गावात आहे. एवढी फौज पदरी असलेल्या सेनापतीला पायाचं दुखणं घेऊन गेलं, तर येसकराची काठी घेऊन गावोगाव सांगावे पोचवणाऱ्या आमच्या पूर्वजांच्या पायांचं काय होत असेल? त्यांची समाधी कुठं नाही.

आता मसूरचं बोलू. कऱ्हाड तालुक्यातलं मसूर, कोल्हापूर-पुणे रेल्वेनं जाताना लागतं. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा प्रवास सांगितला आहे. वडील गोरेगावला नोकरीवर, मुलं साताऱ्यात. सुटीत वडिलांकडं जायचं म्हणून थोरला भाऊ आणि भाचे यांच्यासह लहानगा भीमराव नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून रेल्वेनं मसूरला उतरला. न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार, अशा बोलीवर गाडी मिळाली. मुलांकडं डबा भरून खाणं होतं. पाणी नव्हतं. वाटेत जे मिळालं ते चिखलाचं, शेणामुताचं. रात्री टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. भरला डबा बाजूला ठेवून ती पोरं उपाशी झोपली.

प्रवासाची तयारी म्हणजे काय, हे मी याच प्रसंगावरून समजावून घेतो. त्या घरानं तयारीत काही कमी ठेवलं नव्हतं. कपडे होते, खाणं होतं, पैसेही होते. जे नव्हतं ते वाटेवर कुणीही माणूस दुसऱ्याला देतो असं धरून चाललेलं होतं. कोसल देशातल्या त्या भिक्खूला सोबत्यानं गाळणं नाकारलं, ते एका माणसाच्या रागामुळं. इथं अख्खी वाटच नाकारणारी होती.

औषधाचंही तेच. १८९६-९७ ला मुंबई-पुण्यात प्लेग आला. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साली सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात गेल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आजाऱ्याला नेणारं वाहन म्हणजे एका सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ.

सरकारनं औषध खेड्यापर्यंत नेण्याची एक युक्ती त्याच्या थोडी आधी काढली होती. १८९२ पासून बंगालात हिवतापाचं क्विनाइन पोस्टात एका पैशाच्या पुडीत मिळू लागलं. एका माणसाला लागेल तेवढंच, कागदात बांधलेलं. ती पद्धत मग इतर प्रांतांत पसरली. पुडी ही कल्पना साधी पण मोठी. मोजून दिलेलं औषध, ज्याला वाचता येत नाही त्यालाही चुकत नाही. पण खपायला लागल्यावर बनावट आणि भेसळीचं क्विनाइनही आलं. १९३० साली सरकारनं कर्नल चोप्रा यांची समिती नेमली आणि पुढं १९४० चा औषध कायदा झाला. आज बाटलीवर बॅच नंबर, मुदत, कारखान्याचं नाव असतं ते या कायद्यामुळं.

कोल्हापूर संस्थानात १९१९ च्या जानेवारीत राजर्षी शाहू महाराजांनी हुकूम काढले की सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रोग्याला समतेनं आणि सहानुभूतीनं वागवलं पाहिजे. ज्याला ते जमत नसेल त्यानं राजीनामा द्यावा. पुढच्याच वर्षी, १९२० च्या मार्चमध्ये, आपल्या तालुक्यातल्या माणगावला परिषद झाली आणि महाराजांनी बाबासाहेबांना लोकांच्या समोर उभं केलं, हे आपण जाणताच. पण दवाखान्याचा हुकूम फारसा कुणी सांगत नाही.

तो हुकूम का लागत होता, हे काठेवाडातल्या एका शाळामास्तराच्या हकीकतीवरून कळतं. ती १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आली होती आणि बाबासाहेबांनी तीही आपल्या आठवणींत घेतली. मास्तर अस्पृश्य समाजातला. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी ती आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. शेवटी दोन रुपये फी घेऊन आला, तेही वस्तीच्या बाहेर, बाळंतिणीला बाहेर आणायला लावून. थर्मामीटर त्यानं एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत येतानाही त्याच क्रमानं. दिव्याच्या उजेडात थर्मामीटर बघून न्यूमोनिया म्हणून सांगितलं. पुन्हा यायला नकार दिला. ती बाई वाचली नाही. औषध होतं, थर्मामीटर होता, डॉक्टर होता, फी देणारा नवराही होता.

म्हणून मी म्हणतो, आपल्या घरात थर्मामीटर असणं ही साधी गोष्ट नाही.

आता माझ्या गिरणीचं. १९४८ च्या कारखाना कायद्यात ४५ वं कलम प्रथमोपचार पेटीचं होतं. दर १५० कामगारांमागं निदान एक पेटी, ती हाताशी येईल अशा जागी, ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय तिच्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही, आणि कामाच्या सगळ्या वेळात हजर राहील अशा शिकलेल्या माणसाच्या ताब्यात ती असली पाहिजे. ५०० च्या वर कामगार असतील तिथं वेगळी खोली. कायदा लिहिणाऱ्यांनी विनय वाचला होता की नाही, मला माहीत नाही. पण नियम भावंडं वाटावीत असेच आहेत. मोजकंच ठेवायचं, दुसरं मिसळायचं नाही, आणि कुणाच्या तरी जबाबदारीत.

मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सूतगिरणीत लागलो. तिसऱ्या पाळीत रिंग खात्यात एका पोराचा हात सोलला. पेटी भिंतीवर होती, चांगली पांढरी, लाल फुलीची. कुलूप होतं. मुकादम म्हणाला, “किल्ली सायबाकडं हाय, आनि सायेब घरला गेल्यात.” पोराच्या हाताला सुताचा कपडा गुंडाळून सायकलवरून नेला. नंतर आम्ही युनियनमार्फत पत्र दिलं आणि दीड महिन्यानं कुलूप निघालं. उघडल्यावर आत काय होतं, तर आयोडीनची वाळलेली बाटली, कात्री आणि कुणाचा तरी तंबाखूचा बटवा. कायदा कागदावर पुरा होता.

पुडीची गोष्ट पुढं १९७१ साली आली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेवर आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवून पाजायला लावलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, आजाऱ्यांचेच नातेवाईक होते. मरणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं. आज दुकानात मिळते ती ओआरएसची पुडी याच वाटेनं जगभर गेली. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. गूळ-पाण्याची परवानगी देणारं भेसज्जक्खंधक वाचून मग हे वाचलं की मनात काय येतं ते मी लिहीत नाही, उगाच पुराणातल्या विमानासारखं होईल. साखरेबरोबर मीठही आतड्यातून पाणी ओढून घेतं, हे विसाव्या शतकातल्या विज्ञानानं शोधलं. श्रेय त्याचं त्याला.

पुडी नसेल तर घरी करता येतं. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यायचं. इथं सात दिवसांचीसुद्धा सवलत नाही.

सात दिवसांवरून आठवलं. लहान मुलांचं ते पावडरीत पाणी घालून बनवायचं पातळ अँटिबायोटिक बहुतेक वेळा बनवल्यापासून सातच दिवस चालतं. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. तरी पुढच्या तापाला तीच अर्धी बाटली काढणारी घरं मी पाहिली आहेत. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिनाभर. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. शेजारणीला गुण आला म्हणून आपल्यालाही, हे तर नाहीच. आणि गोळ्या पट्टीतून काढून नुसत्या डबीत टाकू नयेत, नाव आणि तारीख दोन्ही पट्टीबरोबर कचऱ्यात जातात. डबा मोरीच्या भिंतीजवळ किंवा चुलीच्या वर नको, ओल आणि उष्णता दोन्ही वाईट. पोरांच्या हाताला लागेल असाही नको.

६ डिसेंबरला आपली माणसं चैत्यभूमीला जातात. रात्रीचा प्रवास, रांगेत तासन् तास उभं राहणं. त्यात निम्मी माणसं आता रक्तदाबाची नाहीतर साखरेची. प्रत्येकानं आपल्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात, पिशवीच्या तळाशी नव्हे तर अंगावरच्या खिशात ठेवाव्यात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स बरोबर ठेवावी. साखरेच्या माणसानं गुळाचा खडा जवळ ठेवावा. गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि रांगेत जेवण लांबलं तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, तेव्हा तो खडा लगेच तोंडात टाकायचा. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, सरळ दवाखान्याची गाडी बोलवावी. इन्सुलिन नेणाऱ्यानं ते उन्हात ठेवू नये, बर्फालाही चिकटवू नये. बाकी ओआरएसच्या चार पुड्या, तापाच्या गोळ्या, पट्टी, कापूस, सेफ्टी पिना, सुई-दोरा, बॅटरी एका पिशवीत आणि ती पिशवी गटातल्या एकाच माणसाकडं. सगळ्यांनी घेतली तर कुणाचीच वेळेवर सापडत नाही. पाणी प्रत्येकाचं स्वतःचं, आणि मागेल त्याला द्यायचं.

विहारातही आता एक पेटी ठेवली आहे. आतल्या झाकणावर वस्तूंची यादी आणि मुदतीच्या तारखा लिहिलेला कागद आहे, दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर दोन मुली ती तपासतात. कुणी शिल्लक गोळ्या दान म्हणून आणून देतात, त्या आम्ही घेत नाही. किल्ली कुणाच्याच ताब्यात दिलेली नाही, कारण पेटीला कुलूपच लावलेलं नाही.